एकट्याच्या तीन बाजू आणि मंडळींची चौथी : टॉड रंडग्रेनचा ‘समथिंग/एनिथिंग?’

तबकडीवाला

फेब्रुवारी १९७२ मध्ये बेअर्सव्हिल या अमेरिकी कंपनीने टॉड रंडग्रेन या तेवीस वर्षांच्या संगीतकाराचा ‘समथिंग/एनिथिंग?’ हा दोन तबकड्यांचा अल्बम काढला. त्याच्या पहिल्या तीन बाजूंवरचे ड्रम्स, बास, गिटार, पियानो, सिंथेसायझर आणि थरावर थर रचलेले सगळे कोरस हे एकट्या रंडग्रेनचे आहेत. चौथ्या बाजूवर मात्र त्याने स्टुडिओभर वादक-गायक जमवले आणि गाणी सर्वांनी मिळून, एकाच वेळी वाजवून मुद्रित केली. पॉप-रॉकचे रसिक या अल्बमचे नाव आदराने घेतात, परंतु स्तुती बहुतेक वेळा ‘सगळे एकट्याने वाजवले’ या वाक्यापाशी थांबते, जणू सर्कशीत कुणी एका चाकाच्या सायकलवरून पाच चेंडू झेलून दाखवले. मला तो कौतुकाचा सूर अपुरा वाटतो आणि म्हणून हा धागा काढत आहे.

माझे म्हणणे असे आहे की, एकट्याने वाजवल्यामुळे या गाण्यांना जी ठेवण आली, ती चांगल्यातल्या चांगल्या वादकांना बोलावूनही आली नसती. त्याचे कारण कामाच्या क्रमात आहे. रंडग्रेन बहुतेक गाण्यांचे ड्रम्स सर्वांत आधी मुद्रित करीत असे. त्या वेळी कानावर ना गिटार, ना पियानो, ना आवाज. गाणे मनातल्या मनात गुणगुणत तो ते सुरुवातीपासून शेवटापर्यंत वाजवून काढी. मध्येच कडव्याचा हिशेब चुकला, तर ड्रम्स पुन्हा वाजवण्यापेक्षा गाणेच त्या चुकीनुसार बदलणे त्याला सोपे जाई. एरवी तालवादक गायकाच्या मागे जातो. येथे गायक आपल्याच हाताने आधी आखलेल्या वाटेवरून नंतर चालतो, आणि ती वाट आखताना श्वास कुठे घ्यायचा हे त्या हाताला ठाऊक असते. ‘इट वुडन्ट हॅव मेड एनी डिफरन्स’ हे गाणे या दृष्टीने ऐकावे. त्यातला ताल मला वाद्यापेक्षा बोलण्याच्या लकबीसारखा ऐकू येतो.

हे कौशल्य एका रात्रीत आलेले नव्हते. फिलाडेल्फियाला लागून असलेल्या अप्पर डार्बी या गावात वाढलेला हा मुलगा आधी ‘नॅझ’ या बँडमध्ये गिटार वाजवत होता. त्यातून बाहेर पडल्यावर त्याने काचेच्या पलीकडची, म्हणजे ध्वनिमुद्रकाची आणि निर्मात्याची बाजू धरली. ‘द बँड’च्या १९७० मधील ‘स्टेज फ्राइट’चा तो ध्वनिमुद्रक होता. १९७१ मध्ये ‘बॅडफिंगर’ या ब्रिटिश बँडच्या ‘स्ट्रेट अप’ या अल्बमचे काम ‘बीटल्स’मधल्या जॉर्ज हॅरिसनकडे होते. परंतु पंडित रविशंकरांच्या विनंतीवरून हॅरिसन न्यूयॉर्कमधील बांगलादेश निधी मैफलीच्या तयारीत गुंतला आणि अर्धवट राहिलेला तो अल्बम रंडग्रेनने पूर्ण केला. (आपल्या सतारीमुळे या कहाणीला लागलेले हे वळण मला फार आवडते, अर्थात रंडग्रेनच्या संगीतात सतार शोधायला कुणी जाऊ नये.)

अल्बमचे पहिलेच गाणे ‘आय सॉ द लाइट’ आहे. मोटाऊन कंपनीत खपाऊ गाणे आधी ठेवण्याची पद्धत होती, म्हणून हे पहिले ठेवले, असा खुलासा खुद्द वेष्टनावरच छापला आहे. गाण्यावर गायिका-गीतकार कॅरोल किंगची छाया स्पष्ट आहे आणि मधल्या गिटारीवर हॅरिसनची. अमेरिकेच्या बिलबोर्ड या लोकप्रियतेच्या यादीत ते १६ व्या क्रमांकापर्यंत गेले. हे गाणे आपल्याला वीस-एक मिनिटांत सुचले, असे रंडग्रेनने पुढे सांगितले आहे, आणि हे सांगताना त्याच्या स्वरात अभिमानापेक्षा अस्वस्थता अधिक आहे. गाणे इतक्या सहज होते याचा अर्थ आपल्या हातात साचा बसला आहे, असे त्याला वाटू लागले होते. पाचव्या गाण्यापर्यंत ऐकणाऱ्यालाही ती शंका येते. मग दुसरी बाजू लागते आणि तो साचा त्याने आपण होऊन मोडलेला दिसतो. त्या बाजूविषयी मला पुष्कळ लिहायचे आहे, पण आधी इतरांची मते वाचायला आवडतील.

ठेकेदार

मी पंचवीस वर्षे ड्रम्स वाजवत आहे, त्यामुळे आपल्या सिद्धान्ताच्या मुळावरच बोलतो. रंडग्रेन चांगला ड्रमर नाही. कोरस (गाण्याचे ध्रुपद) जवळ आला की त्याचा हात किंचित घाईला येतो, फिल (दोन भागांना जोडणारा छोटा तुकडा) घेतल्यानंतर समेवर येताना तो कधी कधी अर्धे पाऊल आधीच पोहोचतो, आणि ‘ब्लॅक मरिया’सारख्या जड गाण्यात लागणारे वजन त्याच्या पायात नाही. याला आपण ‘ठेवण’ म्हणता, मी त्याला कच्चेपणा म्हणतो.

हे लिहून झाल्यावर दुसरी बाजूही मांडली पाहिजे. ड्रम्स आधी आणि तेही रिकाम्या कानांनी वाजवणे किती अवघड आहे, याची कल्पना ज्याने ते केले नाही त्याला येणार नाही. तबलजीला लेहऱ्याशिवाय अर्धा तास एकल वाजवायला सांगा, आणि वर अशी अट घाला की, नंतर कुणीतरी येऊन त्या वादनावर बंदिश बसवणार आहे. तबलजीच्या डोक्यात निदान सोळा मात्रांचे आवर्तन फिरत असते. पॉप गाण्यात मात्र कडवे, जोडओळ, कोरस, पुन्हा कडवे, मधला बदल, शेवटचा कोरस अशी लांबीने असमान घरे असतात आणि प्रत्येक घराच्या उंबरठ्यावर वाजवण्याचा पोत बदलावा लागतो. मी स्वतः हा प्रयोग एकदा करून पाहिला आणि तिसऱ्या कडव्यात हरवलो. त्यामुळे त्या माणसाच्या हातापेक्षा त्याच्या स्मरणशक्तीला मी नमस्कार करतो.

उपनगरी

मी गेली काही वर्षे फिलाडेल्फियाच्या परिसरात राहते. अप्पर डार्बीला आज दक्षिण आशियाई किराणा घ्यायला आम्ही जातो, आणि कढीपत्ता निवडताना, याच गल्ल्यांतून एक लांब केसांचा किडकिडीत मुलगा गिटार घेऊन जात असेल, हा विचार माझ्या मनात दर वेळी येतो.

मूळ लेखात ‘एकट्या’ हा शब्द जरा सैल वापरला गेला आहे, असे मला वाटते. वाजवणारा आणि गाणारा एकटा होता, हे खरे. परंतु लॉस एंजेलिसच्या आय. डी. साउंड स्टुडिओत यंत्रापाशी जेम्स लो बसलेला होता. हा लो म्हणजे साठच्या दशकातील ‘इलेक्ट्रिक प्रून्स’ या बँडचा गायक. ड्रम्सवर बसलेल्या माणसाला स्वतःची टेप चालू-बंद करता येत नाही, ध्वनीची पातळी राखता येत नाही, आणि ‘आत्ताचे चांगले झाले, पुढे चला’ असे स्वतःला सांगणे तर सर्वांत कठीण. काही काम रंडग्रेनने घरीच केले, तेथे तो खरोखर एकटा असेल. परंतु ‘एकहाती’ म्हणवल्या जाणाऱ्या बहुतेक कामांमागे काचेपलीकडे एक शांत माणूस असतो आणि कौतुकाच्या वाक्यातून तो नेमका गळतो. या बाबतीत ‘बीटल्स’मधल्या पॉल मॅकार्टनीचा एप्रिल १९७० चा पहिला स्वतंत्र अल्बम अधिक एकाकी आहे, कारण त्याचा मोठा भाग त्याने लंडनच्या घरी चार ट्रॅकच्या यंत्रावर, मिक्सरशिवाय मुद्रित केला होता. तो ऐकताना घर ऐकू येते, ‘समथिंग/एनिथिंग?’ ऐकताना स्टुडिओ ऐकू येतो.

तबकडीवाला

@उपनगरी, दुरुस्ती पूर्णपणे मान्य आहे. लोचे नाव मीच घ्यायला हवे होते.

@ठेकेदार, आपण ज्याला कच्चेपणा म्हणता तो मलाही ऐकू येतो, मात्र त्याचा परिणाम मी वेगळा मोजतो. कोरसकडे जाताना हात घाईला येतो, कारण वाजवणाऱ्याला तो कोरस मनात आधीच ऐकू येत असतो आणि त्याला तेथे पोहोचण्याची ओढ असते. सराईत ड्रमरने ती ओढ आवरली असती. प्रेमभंगाच्या गाण्यात ती आवरलेली मला नको आहे.

रात्रपाळी

मी घरच्या घरी, संगणकावर गाणी तयार करतो. माझ्या पिढीला एकट्याने सगळे करणे यात नवल वाटत नाही, कारण आम्हाला दुसरे काही परवडतच नाही. त्यामुळे हा अल्बम पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी थोडा उदासीन होतो. नंतर लक्षात आले की, आमच्या आणि त्याच्या एकटेपणात मोठा फरक आहे. मी क्लिक (लय दाखवणारी यंत्राची टिकटिक) लावतो, त्याच्या जाळीवर प्रत्येक ठोका बसवतो, चुकला तर माउसने सरकवतो आणि कोरस एकदाच गाऊन चार ठिकाणी चिकटवतो. टेपवर असे काही नव्हते. चौथा कोरस चौथ्यांदाच गावा लागे, आणि ट्रॅक संपत आले की आधीचे आवाज एकत्र करून जागा मोकळी करावी लागे. एकदा एकत्र केलेले आवाज पुन्हा सुटे करता येत नाहीत, त्यामुळे निर्णय मागे घेण्याची सोय नव्हती.

दुसरे म्हणजे, निर्माता म्हणून त्याला जे येत होते ते वादक म्हणून त्याच्या उपयोगी पडले. मीट लोफ या गायकाच्या १९७७ च्या ‘बॅट आउट ऑफ हेल’मध्ये मोटारसायकलचा आवाज हवा होता, तेव्हा रंडग्रेनने तो गिटारीवरच काढून दिला, ही गोष्ट सर्वांना माहीत आहे. हा स्वभाव पाच वर्षे आधीच्या या अल्बमातही दिसतो. जे वाद्य त्याला फारसे येत नाही, ते तो येते तेवढेच वाजवतो आणि मांडणी अशी करतो की तेवढेच पुरेसे वाटावे. ‘कुडन्ट आय जस्ट टेल यू’ घ्या. पुढे ज्याला पॉवर पॉप (गोड चालींचा, जोरकस गिटारींचा पॉप) म्हणू लागले त्याचा हा नमुना मानला जातो. त्यात एकही अवघड जागा नाही, पण प्रत्येक वाद्य बरोबर जेथे हवे तेथेच उठते.

काळी_चार

मी हार्मोनियमवाली आहे, रॉक माझा प्रांत नाही, पण या धाग्यामुळे तिन्ही बाजू सलग ऐकल्या. मला सर्वांत जास्त भावले ते कोरस. एकाच गळ्यातून पाच-सहा आवाज निघाले की एक विशिष्ट गुळगुळीतपणा येतो, कारण स्वरांचे उच्चार आणि कंप तंतोतंत जुळतात. मंदिरातल्या भजनी मंडळाच्या बरोबर उलट हा प्रकार आहे. तेथे प्रत्येकाचा ‘आ’ वेगळा असतो आणि गोडी त्या वेगळेपणात असते. ‘कोल्ड मॉर्निंग लाइट’मध्ये हा गुळगुळीतपणा सुंदर वाटतो, पण तीन बाजूंनंतर मला कुणाचा तरी परका ‘आ’ ऐकावासा वाटू लागला.

दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीला तो जे बोलतो, ते काय आहे? मूळ लेखकांनी लिहायचे कबूल केले होते.

तबकडीवाला

त्याकडेच येतो. चारही बाजूंना रंडग्रेनने नावे दिली आहेत. पहिली कानाला गोड लागणाऱ्या चालींचा पुष्पगुच्छ, दुसरी बुद्धीची बाजू, तिसरीत ‘पोरगे जड वाजवू लागते’, आणि चौथी साप-कातडीच्या बुटांविषयीचे नाव मिरवणारी ‘पॉप ऑपरेटा’. दुसरी बाजू सुरू होते ती गाण्याने नव्हे, तर निवेदनाने. रंडग्रेन श्रोत्याला हेडफोन लावायला सांगतो आणि ‘स्टुडिओतले आवाज’ नावाचा एक खेळ शिकवतो. वाईट ध्वनिमुद्रणात कोणते दोष असतात ते तो एकेक करून वाजवून दाखवतो: विजेची घरघर, टेपची सळसळ, ‘प’ उच्चारताना मायक्रोफोनवर आदळणारी हवा, गचाळ कापाकापी. हा खेळ कोणत्याही रेकॉर्डवर खेळता येतो, याही रेकॉर्डवर, असे सांगून तो मोकळा होतो आणि ‘ब्रेथलेस’ ही शब्दांवाचूनची, सिंथेसायझरने भरलेली रचना सुरू होते.

माझ्या मते संपूर्ण अल्बममधील हा सर्वांत धीट क्षण आहे. कीर्तनकार आख्यान रंगात आलेले असताना मध्येच थांबून, आता चिपळ्या कशा वाजतात ते पाहा, असे म्हणत नाही. रंडग्रेन म्हणतो, आणि तरीही पुढच्या गाण्याची मोहिनी उतरत नाही. उलट श्रोता त्याच्या शेजारी, यंत्रापाशी येऊन बसतो. पुढे ‘साँग ऑफ द व्हायकिंग’ येते, ज्यात एकोणिसाव्या शतकातील गिल्बर्ट आणि सलिव्हन यांच्या इंग्रजी संगीतिकांची झाक आहे, आणि तेथे कळते की पहिल्या बाजूवरचा साचा ही त्याची मर्यादा नव्हती. ती खपाची सोय होती. तिसऱ्या बाजूविषयी मी थोडक्यात लिहीन: रात्रपाळी यांनी उल्लेखलेले गाणे सोडले, तर जड गिटारींचा तो भाग मला आज ओळखीचा आणि म्हणून कमी रंजक वाटतो.

उपनगरी

चौथ्या बाजूविषयी कुणीच लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. तिची सुरुवात रंडग्रेनच्या किशोरवयीन बँडच्या जुन्या, खरखरीत टेपांनी होते. नंतर न्यूयॉर्कच्या रेकॉर्ड प्लांट वगैरे स्टुडिओंत मंडळी जमवून मुद्रित केलेली गाणी येतात, आणि ती एका थट्टेखोर कथानकात बसवण्याचा खटाटोप वेष्टनावर केला आहे. येथे मला दोन गोष्टी नोंदवायच्या आहेत.

पहिली तक्रारीची. या बाजूवरचा विनोद शाळेच्या मागच्या बाकावरचा आहे. शेवटच्या गाण्याचे नावच बाईला दिलेली शिवी आहे आणि आणखी एका गाण्यात गुप्तरोगावर कोटी केली आहे. तेवीस वर्षांच्या मुलाने मित्रांना हसवण्यासाठी हे केले, असे म्हणून सोडून देता येते आणि मीही बहुतेक वेळा सोडते, परंतु तीन बाजू इतक्या हळव्या प्रेमभंगाच्या ऐकवल्यानंतर त्याच तोंडून हे ऐकणे खटकते. आपली विरहाची बरीचशी गाणी शाळेतल्या एकाच तुटलेल्या नात्यावर उभी होती, हे त्याने पुढे मान्य केले आहे. दोन्ही गोष्टी एकाच वयाच्या आहेत, असे तेव्हापासून मला वाटते.

दुसरी गोष्ट अशी की, अल्बमचे सर्वांत यशस्वी गाणे याच दुर्लक्षित बाजूवर आहे. ‘हॅलो इट्स मी’ रंडग्रेनने नॅझसाठी लिहिले आणि १९६८ मध्ये ते संथ गतीत निघालेही होते. येथे त्याने गती वाढवली, जॉन सियोमॉसला ड्रम्सवर बसवले, रँडी आणि मायकेल ब्रेकर या भावांची शिंगवाद्ये घेतली, मागे गायकांचा ताफा उभा केला, आणि सर्वांनी एकत्र वाजवले. सुरुवातीची चुकीची उचलसुद्धा तशीच ठेवली. १९७३ च्या उत्तरार्धात एकेरी तबकडी म्हणून आल्यावर हे गाणे बिलबोर्डच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेले. म्हणजे ज्या अल्बमची कीर्ती ‘एकट्याने वाजवले’ म्हणून आहे, त्यातले सर्वाधिक लोकांनी ऐकलेले गाणे सर्वांनी मिळून वाजवलेले आहे.

ठेकेदार

सियोमॉसच्या बाबतीत हात जोडतो. त्या गाण्यात तो मागे रेलून वाजवतो आणि रंडग्रेनच्या घाईला प्रथमच कुणीतरी टेकू देते. माझा मुद्दा यापेक्षा चांगला मला मांडता आला नसता.

तबकडीवाला

@उपनगरी, @ठेकेदार, ‘हॅलो इट्स मी’ माझ्या सिद्धान्तातले भोक आहे, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो. तरीही एक विचार मांडतो. पहिल्या तीन बाजू नसत्या, तर चौथ्या बाजूवरची ती चुकीची उचल, मागची कुजबुज, शिंगवाद्यांचा श्वास यांकडे आपले लक्ष इतके गेले असते का? तासाभराच्या आसपास एकाच माणसाच्या सहवासात राहिल्यावर दार उघडून दहा माणसे आत यावीत, तसे ते गाणे येते. ‘काळी चार’ यांनी ज्या परक्या ‘आ’ची वाट पाहिली, तो नेमका तेथेच मिळतो. रंडग्रेनने हे ठरवून केले की एका तबकडीचे नियोजन दोन तबकड्यांवर गेल्यावर जागा भरण्यासाठी केले, याने ऐकणाऱ्याला फारसा फरक पडत नाही.

त्या यशाची गंमत अशी की, ते मिळाले तोवर तो तेथे राहिलाच नव्हता. मार्च १९७३ मध्येच त्याचा ‘अ विझर्ड, अ ट्रू स्टार’ आला होता, ज्यात गाणी एकमेकांत विरघळतात आणि ‘आय सॉ द लाइट’च्या चाहत्याला धरायला जागा मिळत नाही. लोकांनी जुन्या घराचे दार वाजवले तेव्हा तो पिसांच्या पोशाखात, रंगवलेल्या चेहऱ्याने टीव्हीवर येऊन ‘हॅलो इट्स मी’ गात होता. मूळ अल्बम यादीत २९ व्या क्रमांकाच्या पुढे गेला नाही, पण खपत राहिला आणि १९७५ मध्ये सुवर्ण तबकडीच्या मानाला पोहोचला.

रात्रपाळी

एक तांत्रिक शंका. आजच्या प्रवाही सेवांवर हा अल्बम सलग पंचवीस गाण्यांची यादी म्हणून दिसतो. बाजू उलटण्याचा क्षण गेल्यामुळे ते निवेदन अचानक, अधांतरी येते. कुणी मूळ तबकडीवर ऐकले आहे का?

तबकडीवाला

माझ्याकडे मूळ प्रत आहे, रद्दीच्या दुकानात मिळालेली आणि भरपूर चरे पडलेली. पहिली बाजू संपल्यावर उठून जावे लागते, तबकडी उलटावी लागते, सुई ठेवताना खरखर होते, आणि लगेच तो माणूस खरखरीविषयीच बोलू लागतो. पहिल्या वेळी, माझ्या यंत्रातल्या दोषांची यादी याला कशी ठाऊक, असे मला वाटले होते. आपण यादीत ऐकत असाल, तर ‘स्वीटर मेमरीज’ हे पहिल्या बाजूचे शेवटचे गाणे संपल्यावर थांबवून एक कप चहा करावा आणि मग पुढे जावे.

काळी_चार

तबकडीवाला यांच्या सल्ल्यानुसार काल रात्री चहा करून, यजमानांच्या जुन्या अॅम्प्लिफायरवर हेडफोन लावून दुसरी बाजू पुन्हा ऐकली. विजेच्या घरघरीचा नमुना आला तेव्हा आमचा अॅम्प्लिफायरही आपली स्वतःची घरघर करीत होता, आणि दोन्ही मिळून काहीतरी ओळखीचे वाजत आहे असे वाटले. हार्मोनियम काढून पडताळले, मग मुलाला विचारले. तो म्हणाला, अमेरिकेत वीज सेकंदाला साठ आवर्तनांची असते, आपल्याकडे पन्नास. साठ भागिले पन्नास म्हणजे सहास पाच, आणि सहास पाच हे तर षड्ज आणि कोमल गंधाराचे प्रमाण आहे. आमच्या घरची वीज षड्ज देत होती आणि रंडग्रेनची त्यावर कोमल गंधार लावत होती. हा खेळ कोणत्याही रेकॉर्डवर खेळता येतो, असे तो म्हणतो खरा, पण हा स्वर साठ आवर्तनांची वीज असलेल्या देशातल्याच रेकॉर्डवर मिळेल. मुलाने अॅम्प्लिफायरची घरघरणारी केबल दुरुस्त करतो म्हटले, तेव्हा मी रविवारपर्यंत थांब म्हणून सांगितले आहे.